आवक क्रमांक आणि मंजुरी

परवा बाबांचा फोन आला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या आणि मग हळूच, "काय गं, विमान उडवतेस का अजून?"

"उडवते की."

"बरं. मंजुरी घेऊनच शिरतेस ना?"

मी फस्सकन हसले. हा आमचा घरातला जुना विनोद. कितीतरी दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहूनच टाकते.

इथे कॅलिफोर्नियात छोटं सेस्ना शिकायला लागले तेव्हा वाटायचं, अवघड असेल ते लँडिंग. ते होतंच, पण खरा घाम फोडला तो रेडिओने. नोकरीत दिवसभर इंग्रजीच बोलते हो, पण हेडसेटमधून एका दमात येणारं ते इंग्रजी निराळंच!

तर, इथे मोठ्या विमानतळांभोवतीचं आकाश वर्गांत वाटलेलं असतं. मॉन्टेरेसारख्या मध्यम विमानतळाभोवती 'क्लास सी', सॅन फ्रान्सिस्कोसारख्या बड्या विमानतळाभोवती 'क्लास बी'. तिथे उतरायचं नसलं, नुसतं एका कोपऱ्यातून पलीकडे जायचं असलं, तरी हद्दीच्या आधीच रेडिओवर सांगायचं: मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, काय हवंय.

क्लास सीची गंमत अशी, की कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव घेऊन उत्तर दिलं की झालं काम. "थ्री फाइव्ह किलो, स्टँडबाय" एवढंही पुरतं. 'बाहेरच थांबा' असं सांगितलं नसेल तर खुशाल आत जा.

शिकत असताना एकदा वॉटसनव्हिलहून मॉन्टेरेकडे निघालो होतो. मी अगदी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. पलीकडून घाईत उत्तर आलं, "एअरक्राफ्ट कॉलिंग, स्टँडबाय." उत्तर आलं याचाच मला इतका आनंद, की निघाले सरळ आत! इन्स्ट्रक्टरने शांतपणे दांडा धरून विमान वळवलं आणि विचारलं, "तो कोणाशी बोलला?"

खरंच, कोणाशी? नाव कुठे घेतलं होतं माझं?

खाली उतरल्यावर त्यांनी टेनेरिफची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७. धावपट्टीवर धुकं आणि दोन जम्बो जेट. केएलएमच्या विमानाला कंट्रोलर आधी "ओके" म्हणाला आणि मग टेक-ऑफसाठी थांबायला सांगितलं. पण त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचे वैमानिकही बोलले. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके'च्या पुढे नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. विमान तर धावायला लागलंच होतं. ५८३ माणसं गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

असो. लायसन्स मिळालं, आणि २०२२ मध्ये आई-बाबा इकडे आले. माझं हे उडणं बाबांना मुळीच पसंत नव्हतं. "नसते धंदे" हा त्यांचा शब्द. तीन आठवडे मागे लागले तेव्हा कुठे शेजारच्या सीटवर बसायला तयार झाले. आईने साफ नकार दिला.

बेत होता गोल्डन गेट पूल दाखवायचा. कंट्रोलरने नाव घेतलं, ट्रान्सपाँडरचा कोड दिला, "रडार कॉन्टॅक्ट" म्हणाला. आणि गप्प! त्याचं इतर विमानांशी बोलणं चाललेलं. समोरच्या टॅबलेटवर निळी रेघ जवळ येतेय. बाबा नेमके तेव्हाच पहिल्यांदा खुलले होते, काचेला नाक लावून "पूल कुठेय, पूल कुठेय" चाललेलं. खरं सांगते, वाटलं की जावं तसंच. रडारवर दिसतोय आपण, नाव घेतलंय, आणखी काय हवं?

पण क्लास बीमध्ये "क्लिअर्ड" हा शब्द कानावर पडल्याशिवाय शिरायचं नाही. नाव घेतलं तरी नाही. मी विमान वळवलं आणि रेघेच्या अलीकडेच गोल फिरायला लागले.

"परत का फिरलीस? काही बिघडलंय का?" बाबांचा चेहरा उतरला.

सगळं समजावून सांगितलं. बाबांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेलेली. क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे त्या मॉन्टेरेला नुसता आवक क्रमांक पडला तरी चालतं. इथे साहेबांचा 'मंजूर' शेरा हवा."

इतक्या वर्षांत मला कोणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं!

दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत आवाज आला, "क्लिअर्ड इंटू द सॅन फ्रान्सिस्को क्लास ब्राव्हो..." पुढे उंचीचा आकडा होता. मी सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. बाबांनी हेडसेटमध्ये हळूच विचारलं, "शेरा पडला?"

"पडला."

त्यांनी पुलाचे चाळीसेक फोटो काढले. निम्म्यांत सेस्नाचा पंखच आहे. त्यातलाच एक त्यांनी साताऱ्याच्या घरी टीव्हीच्या वर लावलाय, आणि कोणी आलं की म्हणतात, "याच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर थांबवलं होतं आम्हाला." पंधरा कसली, चारसुद्धा नसतील.