दहाव्यानंतरची मालिका

मुरबाडला मामीचे दिवस करून परतताना शहापूरला ताईकडे थांबलो. रात्री भाचीने ‘श्रिंकिंग’ लावली. २०२३ साली सुरू झालेली ही मालिका. बायको अपघातात गेलेला जिमी स्वतःच समुपदेशक, पण त्यालाच सावरता येत नाही. त्याचा ज्येष्ठ सहकारी पॉल पार्किन्सन्सने थरथरणारा. ते काम हॅरिसन फोर्डचं.

भाची डोळे पुसत हसत होती. भावजींचा, म्हणजे निवृत्त मास्तरांचा, आक्षेप ठाम: पेशंटला कुणी घरी राहायला आणतं का? जिमी शॉनला आणतो खरा, आणि ते मलाही जरा गोडगोडच वाटलं. ताई म्हणाली, “माणूस गेलंय घरातलं, नि यांना विनोद सुचतात.”

मी गप्प राहिलो. मला मामीचा दहावा आठवत होता. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, दही झालं, लाडू झाला. शेवटी ताईच म्हणाली, “बशीत चहा ठेवा, मामी त्याशिवाय घासाला हात लावायची नाही.” सगळ्यात आधी मामा हसले. खांदे हलले, मग बराच वेळ हलतच राहिले.

मालिकेत पॉल जिमीच्या पोरीला सांगतो, रोज पंधरा मिनिटं दुःखी गाणं लावून रडून घे. मामांना कोण सांगणार? ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पण मुरबाडहून कल्याण गाठून लोकल धरायची, तीही मनाच्या दुखण्यासाठी? मामा गुडघ्यासाठीही जात नाहीत.

पुढचा सीझन बघायचा की नाही, यावर भाचीचं नि भावजींचं अजून जुळलेलं नाही.