थ्रेड : जुनी पद्मिनी, चार चाव्या आणि शिकलकऱ्याची कानस

परभणीत एखाद्या घराच्या आवारात वर्षानुवर्षे कापड पांघरून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की इंजिनाच्याही आधी एक क्षुल्लक वाटणारी अडचण पुढे येते. जुडग्यात चार चाव्या असतात आणि एका कुलपाची चावी दुसऱ्याला लागत नाही. इग्निशनचे कुलूप कधीतरी बदललेले, एका दाराचे त्यानंतर, डिकीचे थेट भंगारातून आणलेले. गाडीच्या दुरुस्त्यांची सारी बखर त्या जुडग्यात लोंबत असते.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही फियाट १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. जुन्या भागांच्या दुकानात कुलूप अजूनही मिळते. पण ते आपली चावी घेऊन येते. त्याला गाडीच्या मूळ चावीशी जुळवून घेणे, हे खरे कसब.

त्यासाठी कुलपाचे पोट पाहावे. सिलिंडरमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पितळी पट्ट्या असतात. प्रत्येकीची खाच वेगळ्या उंचीवर. योग्य चावी आत गेली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि सिलिंडर फिरतो. एक जरी बाहेर डोकावली तरी अडतो. म्हणून कारागीर नव्या सिलिंडरमध्ये जुनी चावी घालतो आणि डोकावणाऱ्या पट्ट्या हेरतो. जुन्या, निकामी सिलिंडरमधल्या पट्ट्या तिथे बसवून पाहतो. नाहीच बसल्या तर उरलेले टोक कानशीने उतरवतो. हा दुसरा मार्ग सोपा, पण त्याने कुलूप सैल होते आणि परक्या चावीलाही वश होऊ लागते.

अर्थात, जुन्या मोटारींच्या चाव्या फार अनन्य कधीच नव्हत्या. अनेक ब्रिटिश गाड्यांना लागणारी ‘एफएस’ मालिका ८७६ ते ९५५ एवढीच. म्हणजे हजारो गाड्या आणि चाव्यांचे प्रकार ८०. कुलपावरचा क्रमांक वाचता आला की हरवलेली चावी नव्याने कापता येई. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराने तर हा प्रश्नच निकालात काढला. सुरुवातीच्या जीपगाड्यांना एच-७०० ही एकच सामाईक चावी होती, आणि पुढे चावी काढून साधा खटकाच बसवला गेला. गोळीबारात चावी शोधत कोण बसणार?

मराठवाड्यात हे काम बहुधा रस्त्याच्या कडेला, एका पेटीवर चालते. करणारा अनेकदा शिकलकरी शीख असतो. नांदेड-परभणी पट्ट्यात या समाजाची वस्ती आहे. ‘शिकल’ म्हणजे शस्त्राला पाणी चढवून चकचकीत करणे. मूळ अरबी शब्द सैकल. गुरूंच्या फौजांची शस्त्रे आपल्या पूर्वजांनी घडवली, असे हा समाज सांगतो. संस्थानी फौजा ओसरल्या, ब्रिटिश मुलखात १८७८ चा शस्त्र कायदा आला, आणि तलवारीवर फिरणारा हात विळ्या-कढयांकडे आणि चाव्यांकडे वळला.

मूळ चावीच हरवली असेल तर याच हाताची परीक्षा असते. कोरी चावी कुलपात घालून तो ती हलक्या ताणाने फिरवतो. पट्ट्यांच्या टोकांचे सुईएवढे व्रण पितळेवर उमटतात. तिथेच कानस फिरते. पुन्हा घालायची, पुन्हा वाचायची. हीच विद्या त्याच्याकडे संशयाने पाहायलाही लावते: कुलूप उघडू शकणारा माणूस गावाला हवा असतो, पण शेजारी नको असतो. जुन्या मोटारींच्या गौरवग्रंथांत रंगाचे आणि क्रोमचे कारागीर सापडतात. याचा उल्लेख क्वचितच.

म्हणून जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तुटलेली, गंजलेली कुलुपेही मालकाकडून मागून घ्यावीत. चावी हरवली तरी त्या पट्ट्यांच्या उंचीत ती अजून लिहिलेली असते, आणि वाचणारा स्टँडबाहेर बसलेला असतो.