ताप, मी आणि फळमाशी

गेल्या आठवड्यात तापाने आडवा झालो. जेवण जाईना, लॅपटॉप उघडला तरी डोकं चालेना. नुसती चिडचिड! मग पडल्या पडल्या फळमाशीबद्दल वाचलं. तीच ती, पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी.

तिच्या शरीरात ‘फॅट बॉडी’ नावाचा अवयव असतो. चरबी साठवायची आणि जंतूंशीही लढायचं. सर्व्हर एकच, कामं दोन. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की तिथे ‘टोल’ ही प्रतिकाराची यंत्रणा चालू झाली की इन्सुलिनचा संदेश क्षीण होतो. चरबी कमी साठते, अळीची वाढही खुंटते. आधी लढाई, बाकीचं नंतर!

माणूस काही माशी नाही, मान्य. पण मी लॅपटॉप मिटला आणि आईने केलेली पेज मुकाट्याने प्यायलो.