नर्मदातीरीं घेतलेलीं छायाचित्रें

परिक्रमेस निघणाऱ्यानें बरोबर काय घ्यावें याची यादी आम्हांस अनेकांनीं सांगितली होती. एक घोंगडी, दोन वस्त्रें, कमंडलू, दंड, नर्मदाजलानें भरलेली कुपी आणि एका दिवसापुरता शिधा. याहून अधिक संग्रह करूं नये, असा जुना दंडक आहे. या यादींत कॅमेरा कोठेंच नव्हता. तो आमच्या पुतण्यानें निघण्याच्या आदल्या रात्रीं पडशींत घातला. "काका, एवढें सगळें पाहून याल, पण घरच्यांना दाखवाल काय?" हा त्याचा युक्तिवाद आम्हांस खोडतां आला नाहीं. खरें सांगावयाचें तर खोडण्याची आमचीहि फारशी इच्छा नव्हती.

इ. स. २०१८ च्या कार्तिकांत आम्ही व आमचे एक स्नेही ओंकारेश्वराहून पायीं निघालों. नदीची लांबी १३१२ किलोमीटर; ती उजव्या हातास ठेवून, तिचें पात्र न ओलांडतां, दोन्ही तीर चालावयाचे. म्हणजे मजल अडीच हजार किलोमीटरांवर जाते. जुन्या रीतीनें या प्रदक्षिणेस तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस लावावे. आम्हांस साडेपांच महिने लागले, आणि घरच्यांस तेवढेहि पुष्कळ वाटले. पश्चिमेस विमलेश्वराहून नावेनें समुद्रमुख ओलांडून मिठीतलाईस उतरतात व पूर्वेस अमरकंटकीं उगमास वळसा घालतात. ही हकीकत पुस्तकांतून सविस्तर आलेली आहे. तिची पुनरुक्ति येथें करीत नाहीं.

या वाटेवर "नर्मदे हर" असा पुकारा केला कीं दार उघडतें, आणि आंतून पहिला प्रश्न येतो, "कितनी मूर्ति?" परिक्रमावाशांस तिकडे मूर्ति म्हणून मोजतात. प्रथम ऐकलें तेव्हां आम्हांस हसूं आलें. धुळीनें माखलेल्या, दाढी वाढलेल्या, एका पायानें लंगडणाऱ्या आम्हांस मूर्ति म्हणणारें हें कोण! पुढें ध्यानांत आलें कीं हा प्रश्न स्वयंपाकघरांतला आहे. पीठ किती मळावयाचें हें त्यावरून ठरतें. नांव, गांव, जात, यांपैकीं कांहीं न विचारतां प्रथम पीठ मळावयास घेणारीं घरें आम्हीं तीन राज्यांत पाहिलीं. तेवढ्या घरांनीं आम्हांस जेवूं घातलें, त्यांतल्या निम्म्यांचींहि नांवें आम्हीं विचारून घेतलीं नाहींत. हा दोष आमचा, आणि तो पुढें आम्हांस चांगलाच भोंवला.

पहिल्या पंधरवड्यांतच दोनशेंवर छायाचित्रें झालीं. सूर्योदय, घाट, नावा, बगळे, आणि माणसेंहि. पण माणसांचीं बहुधा न विचारतां घेतलेलीं. जबलपूरचे अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांनीं १९७७ पासून टप्प्याटप्प्यानें ही नदी पायीं पाहिली व तिचीं रेखाटनें केलीं. ते शांतिनिकेतनांत नंदलाल बसूंच्या हाताखालीं शिकलेले. रेखाटन करणाऱ्यास समोरच्या माणसापाशीं कांहीं वेळ बसावें लागतें. तेवढ्यांत दोन शब्द होतात, चहा होतो. आमच्या यंत्राला एक क्षण पुरे. उभ्या उभ्या घेतलें आणि चाललों, असेंच आमचें चाललें होतें.

बडवानीच्या पुढें दक्षिणतीरावर शूलपाणीची झाडी लागते. पूर्वीं येथें भिल्ल परिक्रमावाशांस लुटीत आणि अंगावरच्या वस्त्रावर सोडून देत, अशा कथा प्रसिद्ध आहेत. आज त्याच झाडींत जागोजाग त्यांस बोलावून जेवूं घालतात. या डोंगरांत आमच्या टांचेचा फोड चिघळला व ताप भरला. वाटेवरच्या एका भिल्ल कुटुंबानें आम्हांस ओटीवर निजविलें. म्हाताऱ्या यजमानांनीं कडुनिंबाचा पाला उकळून तीन दिवस आमचा पाय धुतला. आम्हीं संकोचानें पाय ओढून घेतला, तर ते रागावले. त्यांच्या पत्नीनें मक्याचा रोटला दुधांत कुसकरून दिला. घरांत दूध किती, हें आम्हांस तिसऱ्या दिवशीं कळलें. त्यांच्या नातवाला तीन दिवस कोरा चहा मिळाला होता.

निघतांना आम्हीं कांहीं नोटा पुढें केल्या. त्यांनीं त्या परत आमच्याच खिशांत घातल्या. मग थोडें घुटमळून ते आंत गेले व आपलें मतदाराचें ओळखपत्र घेऊन आले. त्यावरची अस्पष्ट तसबीर हीच त्यांची आयुष्यांतली एकमेव. पत्नीसह एक चांगली तसबीर व्हावी, मागें घर यावें आणि दारचा महू यावा, एवढें त्यांचें म्हणणें. तो महू त्यांच्या वडिलांनीं राखलेला. आजीबाईंनीं चांदीचे दागिने घालण्यास बराच वेळ घेतला. आम्हीं एकामागून एक अकरा छायाचित्रें घेतलीं व तीं कागदावर छापून पाठविण्याचें वचन दिलें.

यजमान हंसून म्हणाले, "फोटो तो सब ले जाते हैं, बाबाजी."

त्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणून तें अधिक लागलें. त्यांच्यासारखे आपण नव्हे, असें आम्हीं तेथेंच मनाशीं म्हटलें.

आणि तरीहि आम्ही त्यांच्यासारखेच निघालों. चैत्राच्या अखेरीस घरीं आलों. संगणकावर छायाचित्रें सर्वांस दाखविलीं. सुनांनीं वाखाणिलीं, मुलांनीं नर्मदेचा नकाशा काढला. पुढें घरांत एक लग्न निघालें, नंतर पावसाळा आला. छापावयाचें राहून गेलें. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरल्याचें वर्तमान वाचलें, तेव्हां हातांतला चहा तसाच राहिला. तें घर तीराच्या उतारावर होतें. दुसऱ्याच दिवशीं छापून घेतलें, पाकीट टाकलें. तें महिन्याभरानें पत्ता अपुरा असा शेरा घेऊन परत आलें. अपुरा असणारच! आम्हांस यजमानांचें आडनांवहि ठाऊक नव्हतें.

पुढचें वर्ष महामारींत गेलें. १९६१ सालापासून ज्या धरणाचें काम मनांत धरून तीं गांवें हललीं, वा हलावयाचीं राहिलीं, तेथें एका म्हाताऱ्याचा माग घरबसल्या काढणें आमच्या आवांक्यांतलें नव्हतें. शेवटीं २०२१ च्या कार्तिकांत आमच्या गांवाहून तिघे जण निरनिराळ्या दिवशीं परिक्रमेस निघाले, त्यांच्या पडशींत एकेक प्रत घातली. ओझें वाढतें म्हणून एकानेंहि कुरकुर केली नाहीं. त्यांपैकीं दोघांस कांहीं थांग लागला नाहीं. तिसऱ्यानें प्रत्येक मुक्कामीं ती तसबीर दाखविली. एका चहावाल्यानें आजीबाईंना ओळखलें, त्यानें एका गाडीवानास सांगितलें, आणि तो आपलें काम सोडून आमच्या माणसास सहा कोस आंत पुनर्वसनाच्या वसाहतींत घेऊन गेला.

पौषांत एका सायंकाळीं त्याचा फोन आला. यजमान आदल्या उन्हाळ्यांत वारले होते. घर व महू पाण्यांत गेले. आजीबाई पत्र्याच्या खोलीपुढें बसल्या होत्या. त्यांनीं तसबीर पदरानें पुसून पुष्कळ वेळ पाहिली, असें तो म्हणाला. मग त्यांनीं विचारलें, बाबाजींचा पाय बरा झाला का? आम्हांस उत्तर देतां येईना. फोन सुनेनें घेतला व झाला म्हणून सांगितलें.

त्यांनीं आणखी एक विचारलें होतें. या तसबिरींत महूचा शेंडा कापला गेला आहे. तो पुरा दिसेल अशी दुसरी असेल तर हवी होती.

त्या रात्रीं आम्हीं अकराहि छायाचित्रें पुन्हा काढून पाहिलीं. चेहरे स्वच्छ यावेत म्हणून आम्ही फार जवळ उभे राहिलों होतों. एकाहि छायाचित्रांत महूचा शेंडा आलेला नाहीं.