दिवाणावरचा नवरा

बंगाली लग्नात संसाराची सुरुवातच वेगवेगळं झोपण्यानं होते. लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी नवरी सासरी येते आणि त्या रात्री, म्हणजे कालरात्रीला, दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहायचं नाही. नवरी बायकांच्या घोळक्यात झोपते, नवरदेव दुसऱ्या खोलीत भावाबंदांबरोबर. कारण विचारलं तर म्हाताऱ्या बायका बेहुला-लखिंदरची गोष्ट सांगतात. मनसादेवीचा साप चुकवायला लखिंदरसाठी लोखंडाची खोली बांधली होती. साप तरी आत शिरलाच, आणि लग्नाच्याच रात्री लखिंदर गेला. तेव्हापासून ही एक रात्र धोक्याची. ती सुखरूप टळली की दुसऱ्या दिवशी फुलशय्या. निशिगंधाच्या माळांनी पलंग असा मढवतात की त्यावर बसायलाही जागा शोधावी लागते.

तो पलंग बहुतेक घरांत नवरीच्या वडिलांनी दिलेला असतो. कोलकात्यातल्या बऊबाजारच्या फर्निचरच्या दुकानांत आधी पसंत केलेला, सागवानी, डोक्याकडच्या फळीवर मोर किंवा वेलबुट्टी कोरलेली. हुंडा नव्हे हो, हौसेनं दिला, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. त्याचं काय ते असो. मला गंमत वाटते ती पुढची. वर्ष-दोन वर्षांत मूल होतं आणि सासऱ्याच्या या पलंगावरून जावई खाली उतरतो. उशी घेऊन बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर जातो आणि पुष्कळदा तिथेच राहतो.

कोलकात्याचा पलंग हे प्रकरण बाहेरच्या माणसाला पाहिल्याशिवाय कळत नाही. तो उंच असतो, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून पायांखाली विटा घालून आणखी उंच करतात. खाली ट्रंका, तांदळाचा डबा, जुनी पितळी भांडी, जास्तीचा गॅस सिलिंडर, हिवाळ्याच्या रजया. ठनठनिया किंवा आमहर्स्ट स्ट्रीटच्या बाजूला तळमजल्यावर राहणाऱ्यांना विटांचा आणखी एक उपयोग. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी घरात आलं की सगळं कुटुंब पलंगावर चढतं. वर चार दांड्यांना मच्छरदाणी. आत सावरीच्या कापसाच्या उशा आणि माणशी एक कोलबालिश, म्हणजे मिठी मारायचा लांब लोड. बंगाली माणूस लोडाशिवाय झोपत नाही. लग्नाआधी नाही आणि नंतरही नाही. नव्या नवरीला पहिली सवत भेटते ती ही.

मूल झालं की या पलंगावरची सरहद्द महिन्यामहिन्याला सरकत जाते. आधी बाळंतीण माहेरी असते. तिथे बाळाच्या डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी, सहाव्या दिवशी षष्ठीची पूजा. आपल्या सटवाईची ही सख्खी बहीण, फक्त मांजरावर बसणारी. मग बाळ घरी येतं आणि मधोमध झोपतं. काही दिवसांत आईच्या लक्षात येतं की नवऱ्याचा हात झोपेत फार फिरतो. बाळ भिंतीकडे जातं, आई मधे, नवरा काठावर. बाळ उपडं वळायला लागलं की भिंतीशी लोड, पायथ्याशी लोड, आणि या सगळ्या धरणबांधणीत नवऱ्याच्या वाट्याला हातभर गादी उरते. त्यात तो घोरतो. त्यात त्याला सकाळी ऑफिस असतं. एका रात्री बाळ तिसऱ्यांदा उठल्यावर तो म्हणतो, अगं, मी बाहेरच पडतो आज. ‘आज’ हा शब्द प्रत्येक घरात असतो. आमच्याही होता.

याला कुणी भांडण समजत नाही. शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, मला पहिल्याच भेटीत, चहाचा कप हातात देता देता, सहज विचारलं होतं, दादा बाहेर झोपतात ना? तेवढ्याच सहजपणे सांगितलं की त्यांचे हे मुलाच्या दहावीपर्यंत बाहेर होते. मुलगा मोठा झाला, त्याच्या अभ्यासाला खोली लागली, तरी पलंगावर परत जायची वेळ काही आली नाही. दिवाणाला पाठ सरावली, टीव्ही समोर, पंखा हवा तेवढा. परत जायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि इतक्या वर्षांनी ते बोलायचं कसं? बौदी हसत होत्या. मला मात्र त्या वाक्यापाशी जरा थांबावंसं वाटलं. घराबाहेर पडलेला माणूस परततो, कारण घर त्याची वाट पाहतं. खोलीबाहेर पडलेल्याची वाट कोण पाहणार? तो तर घरातच असतो.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? वाड्यात बायका-मुलं माजघरात, पुरुष ओटीवर नाहीतर सोप्यावर. गिरगावच्या चाळीत एका खोलीत तीन पिढ्या, आणि कमावते पुरुष वळकटी घेऊन गॅलरीत. नवराबायकोनं रोज रात्री एका दाराआड झोपावं, ही मध्यमवर्गाला फ्लॅटबरोबर मिळालेली सोय. दूर झोपण्याला एक व्यावहारिक कारणही होतं: पुढचं मूल लांबवण्याचा तेवढाच उपाय अनेकींना ठाऊक होता. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, तेव्हा लोक अश्लीलतेच्या नावानं त्यांच्यामागे लागले. नवऱ्याला ओटीवर पाठवण्याखेरीज दुसरा मार्ग असू शकतो, एवढंच खरं तर तो गृहस्थ सांगत होता.

जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यासारख्या मोठ्या घरांत हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनं सुटलेला होता. तिथली मुलं नोकरचाकरांच्या हाती वाढत. रवींद्रनाथांनी ‘जीवनस्मृति’त त्या नोकरशाहीचं वर्णन पुरेशा कडवट विनोदानं केलं आहे. तिथला पडदा मात्र कडक होता. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ यांचा मित्र मनमोहन घोष याला त्यांची बायको बघायची होती आणि परपुरुषाला अंदरमहालात पाऊल टाकायची सोय नव्हती. रात्री सगळे झोपल्यावर दोघे मित्र एका तालात पावलं टाकत आत गेले, म्हणजे ऐकणाऱ्याला एकच माणूस चाललाय असं वाटावं. सत्येंद्रनाथांनी मित्राला मच्छरदाणीत बायकोसमोर बसवलं आणि स्वतः आडवे झाले. ती लहानशी पोर आणि तो पाहुणा, दोघेही लाजून गप्प बसले. थोड्या वेळानं आले तसेच ते पुन्हा बाहेर गेले. ही आठवण त्या बायकोनं, म्हणजे ज्ञानदानंदिनींनी, स्वतःच पुढे सांगून ठेवली आहे. १८६४ मध्ये त्या नवऱ्याबरोबर मुंबईला गेल्या. मला तर वाटतं, वेगळा संसार हवा ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदा कुणाला पटली असेल तर त्या मच्छरदाणीत बसलेल्या मुलीलाच.

श्रीमंत घरात नवराबायको एकत्र झोपू शकत, कारण मुलापाशी दुसरीच कुणी बाई झोपलेली असे. हे आजही बदललेलं नाही. कोलकात्यात पाड्यापाड्यात आया सेंटर आहेत. बाळंतीण घरी येण्याआधीच फोन जातो, आणि रात्री आठला एक मावशी हजर होते, सकाळी आठपर्यंत. बारा तासांची पाळी. ती पलंगाशेजारी जमिनीवर चटई टाकते, बाळ रडलं की उचलते, लंगोट बदलते, आईच्या कुशीत देते, ढेकर काढते. परकी बाई खोलीत म्हटल्यावर नवऱ्यानं त्या खोलीत झोपणं बरं दिसत नाही. दिवाणाचा निर्णय इथे आपोआप होतो. या मावश्या बहुतेक दक्षिण चोवीस परगण्यातून येतात. कॅनिंगच्या, लक्ष्मीकांतपूरच्या लोकलनं ढाकुरिया, जादवपूर, बालिगंज अशा स्टेशनांवर उतरतात. आमच्याकडे येणारीला घरी लहान मुलगी होती. ती आजीजवळ झोपायची. नवरा केरळात बांधकामावर. म्हणजे आमच्या घरात नवराबायकोमध्ये एका भिंतीचं अंतर पडलं, त्याची मी मनातल्या मनात हळहळ करत होते, आणि चटईवर जी बाई जागत होती तिच्या घरचे तिघं तीन ठिकाणी निजत होते. तिला मी एकदा विचारलं, मुलगी रात्री शोधत नाही का? ती म्हणाली, लेक आता आजीलाच आई म्हणते. मग तिनं विषय बदलला आणि उद्या संप आहे, लोकल मिळेल की नाही याची चौकशी केली.

झोपायच्या या रीती आपल्याला इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की परदेशी त्यांचा गुन्हा होऊ शकतो हे पटत नाही. २०११ च्या मे महिन्यात नॉर्वेच्या स्टाव्हँगर शहरात सागरिका चक्रवर्ती या कोलकात्याच्या आईची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं ताब्यात घेतली. हातानं भरवणं आणि मुलांना मोठ्यांच्याच बिछान्यात झोपवणं यांवर आक्षेप होता, असं कुटुंबानं सांगितलं आणि इथल्या वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. प्रश्न केवळ चालीरीतींचा नाही, असं खात्याचं म्हणणं, पण गोपनीयतेमुळे तपशील सांगता येत नाहीत म्हणून त्यांचं तोंड बंद. दिल्लीहून दबाव आला, २०१२ मध्ये मुलं काकांच्या हवाली होऊन भारतात आली, आणि २०१३ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयानं ती आईकडे दिली. दशकभरानं त्यावर राणी मुखर्जीचा सिनेमा आला. आमच्या इमारतीतल्या बायका तो बघून आल्या आणि दिवसभर एकच बोलत होत्या: मग मुलाला झोपवायचं तरी कुठे?

याचं उत्तर शिकागो विद्यापीठाच्या रिचर्ड श्वेडर यांनी सहकाऱ्यांबरोबर शोधलं होतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भुवनेश्वर आणि शिकागो इथल्या लोकांना एक काल्पनिक कुटुंब दिलं, काही खोल्या दिल्या आणि कोण कुठे झोपेल ते ठरवायला सांगितलं. अमेरिकनांनी आधी नवराबायकोची खोली वेगळी काढली, मग उरलेल्यांची सोय पाहिली. ओडिशातल्या लोकांनी लहानग्याला एकटं ठेवायचं नाही, वयात आलेल्या मुलामुलींना एकत्र ठेवायचं नाही, हे आधी पाहिलं. नवराबायको जिथे उरतील तिथे. कोलकातं भुवनेश्वरहून फार लांब नाही, आणि या बाबतीत पुणंही नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आता म्हणतात, पहिले निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावं, पण त्याचा बिछाना वेगळा. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर एका गादीवर मुळीच नको, आणि सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर सगळ्यांत धोक्याचं. उशा, लोड, रजया बाळाजवळ नकोत असंही ते सांगतात. हे वाचल्यावर मी आमच्या पलंगाकडे पाहिलं. मऊ नाही असं त्यावर काहीच नव्हतं. लोडांची ती धरणं त्याच दिवशी उठली.

इथली अंगाईही ऐकण्यासारखी आहे. बंगालमधल्या सर्वांत ओळखीच्या अंगाईत मूल झोपल्यावर बर्गी येतात, म्हणजे आपलेच नागपूरकर भोसल्यांचे बारगीर. आणि पिकावर पाखरं पडलेली असताना त्यांचा कर कुठून भरायचा ही चिंता त्याच चालीवर गायली जाते. १७४२ मध्ये त्यांच्या भीतीनं कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणला, तो अर्धवटच राहिला. बागबाजारात त्याच्या नावाची गल्ली आहे. मावशी आमच्या मुलाला तेच गाणं म्हणायची, आणि आम्ही कोण हे आठवलं की जीभ चावून हसायची. अंगाई म्हणणाऱ्या बाईची खरी काळजी त्या गाण्यात कशी बेमालूम शिरली आहे पाहा: मूल झोपलं, आता हिशेब.

तर हिशेब असा. वेगळं झोपण्यानं प्रेम आटतं का, हा प्रश्न लोक फार विचारतात. मला तो खोटा वाटतो. प्रेमाला रात्रच लागते असं नाही. रविवारी दुपारी भातघूम, म्हणजे जेवणानंतरची झोप, पडलेली असते, दिदा, म्हणजे आजी, नातवाला घेऊन गच्चीवर जाते, आणि कोलकात्याच्या लहान फ्लॅटमध्येही दार लोटून घेता येतं. विचारायचा प्रश्न दुसरा आहे: वेगळं झोपल्यावर झोप कुणाला मिळाली? दिवाणावर गेलेल्या माणसाबद्दल सगळं घर हळवं होतं. बिचारा बाहेर झोपतो, म्हणतात. बिचारा सहा तास सलग झोपतो. आत मच्छरदाणीत जी आहे ती पाऊण-पाऊण तासाचे तुकडे जोडून रात्र काढते, कूस बदलायची तरी आधी अंदाज घेते, आणि तिला कुणी बिचारी म्हणत नाही कारण तिला पलंग मिळालेला आहे. त्यागाचं श्रेय एकाला आणि जागरण दुसरीला, ही वाटणी मला मान्य नाही. नवऱ्याला मुलाजवळ झोपता येत नाही हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? दूध पाजणं सोडलं तर रात्रीचं एकही काम असं नाही जे पुरुषाच्या हातून होत नाही, आणि बाळ बाहेरचं खायला लागल्यावर तर तेही निमित्त उरत नाही. बापाच्या पोटावर पाय टाकून झोपायची सवय मुलाला दोन रात्रींत लागते. बापाला थोड्या जास्त लागतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला आता सातवा महिना चालू आहे. परवा तिनं विचारलं, दीदी, बैठकीत दिवाण घेऊन ठेवू का, सगळेच म्हणतात लागेल. मी सांगितलं, घे. चांगला रुंद घे, गादी सावरीची नको, साध्या कापसाची घट्ट भरून घे, पाठीला बरी. आणि बाळ अंगावरचं पिणं कमी करेल तेव्हा त्या दिवाणावर पहिल्यांदा तू झोप.