काट्याची साक्ष

माणसाने आपल्या व्यवहारातील पुष्कळसा विश्वास काट्यांवर सोपवला आहे. घड्याळाचा काटा वेळ सांगतो, तराजूचा काटा वजन सांगतो आणि होकायंत्राचा काटा खलाशाला भर समुद्रात दिशा दाखवतो. वाणी तराजू उचलतो, तेव्हा गिऱ्हाइकाची नजर धान्यावर नसते. ती काट्यावर खिळलेली असते. काटा हा जणू न्यायसभेतील साक्षीदारच होय. जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, ते त्याने पाहावे आणि आपल्याला सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. पण हा साक्षीदारच चुकीचे सांगू लागला तर काय करावे? एका जुन्या मोटारगाडीतील पेट्रोलच्या काट्याने हा प्रश्न एका घरापुढे उभा केला होता.

मोटारीत पेट्रोलचा काटा पहिल्यापासून नव्हता. अमेरिकेत १९०८ ते १९२७ या काळात फोर्डची ‘मॉडेल टी’ ही मोटार तयार होत असे. तिची टाकी सामान्यतः पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल किती उरले हे पाहायचे झाल्यास चालकाने उठावे, आसनाची गादी उचलावी आणि टाकीत काठी बुडवून ओली खूण पाहावी, अशी रीत होती. टाकीतील पेट्रोल केवळ उतारावरून वाहणाऱ्या पाण्याप्रमाणे इंजिनाकडे जाई. त्यामुळे पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, की टाकी खाली आणि इंजिन वर अशी स्थिती होऊन पुरवठाच थांबे. मग चालक मोटार फिरवीत आणि चढ उलट्या चालीने चढत! जर्मनीच्या ‘फोक्सवॅगन बीटल’ या प्रसिद्ध मोटारीतही १९६१ सालापर्यंत सामान्यतः हा काटा नसे. इंजिन अडखळू लागले, की चालक पायाजवळचा एक खटका फिरवी. त्यासरशी टाकीतील राखून ठेवलेले थोडेसे पेट्रोल मोकळे होई आणि तेवढ्यावर पुढचा पंप गाठावा लागे.

काठी ओबडधोबड खरी, पण ती खोटे बोलत नाही. काट्याची गोष्ट निराळी. काठी स्वतः पेट्रोलला स्पर्श करते. काटा मात्र ऐकीव बातमी सांगतो. टाकीमध्ये एक हलका, पोकळ पितळी फ्लोट पेट्रोलवर तरंगत असतो. पेट्रोल कमी झाले, की तो खाली येतो. त्याला जोडलेला दांडा एका बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतो आणि विजेच्या वाटेतील अडथळा कमीअधिक करतो. टाकी भरलेली असता अडथळा थोडा, म्हणून प्रवाह अधिक. टाकी रिकामी होत गेली, की अडथळा मोठा आणि प्रवाह क्षीण. हा प्रवाह चालकासमोरच्या तबकडीमागे दोन धातूंच्या जोडपट्टीला ऊब देतो. ऊब मिळाली की पट्टी वाकते आणि पट्टी वाकली की काटा सरकतो. म्हणजे फ्लोट, दांडा, वेटोळे, तार, पट्टी आणि काटा अशा सहा तोंडांतून फिरून बातमी चालकापर्यंत पोहोचते. इतक्या तोंडांतून गेलेली बातमी कोठेतरी बदलली, तर त्यात नवल ते काय!

पुण्यातील एका वृद्ध डॉक्टरांकडे १९६० नंतरच्या दशकातील इंग्रजी घडणीची एक मोटार होती. त्यांच्या तरुणपणी याच मोटारीतून ते रात्री-अपरात्री रोग्यांच्या घरी जात. आता व्यवसाय थांबला होता. पण मोटारीवरचा लोभ कमी झालेला नव्हता. दर आठवड्याला ते तिला स्वतः पुसत आणि नातीला घेऊन एक फेरफटका करीत.

एका वर्षी या मोटारीविषयी तक्रारी सुरू झाल्या. पेट्रोल भरताच काटा ‘भरली’ या खुणेच्याही पलीकडे जाई आणि नंतर पाहता पाहता खाली येई. ‘गाडी फार पेट्रोल पिऊ लागली,’ असे घरचे म्हणू लागले. शिवाय इंजिनाची उष्णता दाखवणारा दुसरा काटाही वर वर राहू लागला. डॉक्टरांनी रेडिएटर साफ करवून घेतला. खर्च झाला, काटा होता तेथेच राहिला.

पुढे एके दिवशी ते नातीसह साताऱ्याला निघाले. काटा अर्धी टाकी दाखवत होता. अर्ध्या टाकीत किती मजल होते, याचा त्यांना कित्येक वर्षांचा अनुभव होता. म्हणून ते निर्धास्त होते. खंबाटकी घाटाचा चढ अर्धा चढून झाला आणि इंजिन दोनदा अडखळून बंद पडले. काटा अजून रिकाम्या खुणेच्या किंचित वरच होता. मागून मालमोटारी कर्णे वाजवत वळणावर येत होत्या. संध्याकाळ दाटत होती. एका मालमोटारीच्या चालकाने माणुसकीने थांबून आपल्या साथीदाराकरवी मोटार कडेला घेतली आणि पेट्रोल आणण्याची व्यवस्था केली, म्हणूनच तो प्रसंग निभावला. घरी आल्यावर ‘आता ही मोटार विकून टाका,’ असा सर्वांनीच आग्रह धरला. डॉक्टरांनाही उत्तर सुचेना. जिच्यावर विसंबून नातीला घाटात न्यावे, तिच्यावर विश्वास उरला नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली.

नात बारा वर्षांची होती. तिने एक वही केली आणि एका स्वच्छ लाकडी पट्टीवर समान खुणा केल्या. प्रत्येक फेरीपूर्वी डॉक्टर टाकीत पट्टी बुडवून पाहत आणि ती वहीत तीन आकडे लिही : पट्टीवरील खूण, पेट्रोलच्या काट्याची जागा आणि उष्णतेच्या काट्याची जागा. महिन्याभरात वहीचे पान भरले. पट्टी पाव टाकी दाखवी, तेव्हा काटा अर्ध्याजवळ असे. पट्टी अर्धी टाकी दाखवी, तेव्हा काटा जवळजवळ भरलेल्या खुणेला भिडलेला असे. टाकी रिकामी होत आली, की मात्र दोघांतील अंतर अगदी थोडे राही.

वही घेऊन आजोबा आणि नात एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, हा काटा नेहमी अधिक दाखवतो. त्याला थोडा खाली ओढून बसवा, म्हणजे झाले.”

मिस्त्रींनी मान हलवली. “डॉक्टरसाहेब, काटा ओढून बसवणे अवघड नाही. पण तापमापीवर ताप दिसतो म्हणून तुम्ही तापमापी बदलता का?”

डॉक्टर हसले. मिस्त्रींनी वही डोळ्यांजवळ धरून वाचली आणि मग एकेक संशयित बाजूला काढण्यास आरंभ केला.

“फ्लोटला भोक पडले, तर त्यात पेट्रोल शिरते आणि तो बुडतो. मग काटा कमी दाखवील. इथे तो अधिक दाखवतो. म्हणून फ्लोट निर्दोष. टाकीपाशी अर्थिंगच्या जोडाला गंज चढला, तर प्रवाहाला अडथळा वाढतो. तरीही काटा कमीच दाखवील. तारेचे वेटोळे झिजले, तर काटा मध्येच उड्या मारील. ताईच्या वहीत उड्या कोठेच नाहीत.”

“मग दांडा वाकला असेल का, मिस्त्रीकाका?” नातीने विचारले.

“चांगले विचारलेस. दांडा वाकला, तर काटा अधिक दाखवू शकेल. पण मग उष्णतेच्या काट्याने काय खाल्ले? तोही वर चढला आहे ना? इंजिनातले पाणी उकळत नाही, वाफ येत नाही, थेंबभरही बाहेर सांडत नाही. तरी काटा वर. मग तापले कोण, इंजिन की काटा? डॉक्टरसाहेब, एका रोग्याला एकाच वेळी दोन तक्रारी सुरू झाल्या, तर तुम्ही आधी दोन औषधे देता, की दोहोंचे मूळ एक आहे का ते पाहता?”

डॉक्टर चकित होऊन त्यांच्याकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी रोग्यांच्या बाबतीत जे केले, ते मोटारीच्या बाबतीत त्यांना सुचले नव्हते.

दोन्ही काट्यांना वीज पुरवणारी वाट एकच होती आणि त्या वाटेवर तबकडीमागे काडेपेटीपेक्षाही लहान अशी एक डबी होती. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. बॅटरी बारा व्होल्टची असली, तरी इंजिनाच्या वेगाप्रमाणे तिचा जोर कमीजास्त होतो. त्याचा काट्यांवर परिणाम होऊ नये, म्हणून ही डबी वीज सतत तोडते आणि जोडते, व सरासरीने दहा व्होल्टच काट्यांकडे जाऊ देते. डबीतही एक जोडपट्टी असते. ती तापली की जोड सुटतो, निवली की पुन्हा जुळतो. मात्र पट्टीला ताप देणारी वीज डबीच्या धातूच्या अंगातून मोटारीच्या सांगाड्यात उतरली पाहिजे. डबी बसवलेल्या स्क्रूखाली गंज धरला, तर ती वाट बंद पडते. पट्टी तापत नाही, जोड सुटत नाही आणि बॅटरीचा पूर्ण जोर काट्यांवर येतो. दहाच्या जागी बारा व्होल्ट आले, तर उष्णता बाराला बाराने गुणून आणि दहाला दहाने गुणून जो हिशेब निघतो त्या मानाने, म्हणजे जवळजवळ दीडपट, वाढते. गुणाकाराची चूक असल्याने मोठ्या आकड्यात ती मोठी आणि लहान आकड्यात लहान दिसते. वहीतील पानाने नेमके हेच सांगितले होते.

मिस्त्रींनी तपासणीचा छोटा दिवा डबीच्या बाहेर पडणाऱ्या तारेला जोडला. डबी नीट काम करत असती, तर थोड्याच वेळात तो लुकलुकू लागला असता. पण तो एकसारखा जळत राहिला. मग त्यांनी बॅटरीची तार सोडवली, डबीचा स्क्रू काढला, त्याखालचा तांबूस गंज कागदाने घासून लख्ख केला आणि स्क्रू पुन्हा आवळून बसवला. बॅटरी जोडताच दिवा क्षणभर स्थिर राहिला आणि मग नियमाने लुकलुकू लागला. इकडे दोन्ही काटे हळूहळू आपापल्या जागी उतरले.

मोटार काही अधिक पेट्रोल पीत नव्हती आणि तिचे इंजिनही तापत नव्हते. बिचारीवर दोन्ही आळ फुकटच आले होते!

पुढच्या रविवारी मिस्त्रींच्या देखरेखीखाली टाकी रिकामी करून तीत पाच-पाच लिटर पेट्रोल मोजून घातले गेले. पेट्रोलची वाफ ठिणगीनेही पेट घेते, म्हणून हे काम उघड्यावर आणि जाणत्या माणसानेच केले. नात दूर उभी राहून आकडे टिपत होती. प्रत्येक वेळी काटा सारख्या अंतराने चढला नाही. टाकी वर रुंद आणि खाली निमुळती, आणि दांडा वर्तुळाच्या कमानीत फिरणारा. तेव्हा असे होणारच. नातीने कोणत्या खुणेला किती लिटर, याचा तक्ता सुवाच्य अक्षरात लिहून मोटारीच्या खणात चिकटवला. त्यानंतर मोटार विकण्याची गोष्ट घरात निघाली नाही.

ज्या दिवशी काटा ओढून खाली बसवला असता, त्या दिवशी सारे ठीक दिसले असते. पण गंज तेथेच राहिला असता आणि कधीतरी तो पुन्हा घाटात आडवा आला असता. चुकीच्या उत्तरावर खाडाखोड करून बरोबर आकडा लिहिला, म्हणून गणित सुटत नाही; जी पायरी चुकली, ती शोधावी लागते. त्यासाठी साध्या पट्टीने मोजावे, दिसले ते नित्य लिहून ठेवावे आणि एका वेळी एकाच गोष्टीची परीक्षा घ्यावी. साक्षीदारावर चिडण्यापूर्वी त्याच्यापर्यंत बातमी कोणत्या वाटेने आली, हे पाहणाऱ्यालाच खरा दोषी सापडतो.