एक वेटोळं की दोन?

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर इलेक्ट्रिक गिटार! हसू नका. वाजवत मी नाही, वाजवते आमची नात. कॉलेजसाठी ती दोन वर्षांपासून माझ्याकडे पुण्यात राहते. इतके दिवस साध्या पोकळ गिटारवर भागत होतं. आता कॉलेजच्या बँडमध्ये तिला घेतलंय, तेव्हा इलेक्ट्रिक हवी. पैसे मी देतो म्हणालो, पण जित्याची खोड! अट घातली. कोणती घ्यायची आणि तीच का, हे मराठी घेऊन बीए झालेल्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगायचं.

मला वाटलं होतं, वाद रंगावरून किंवा किमतीवरून होईल. तो झाला पिकअपवरून.

आता पिकअप म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं सांगतो. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पेटी असते, त्यात आवाज घुमतो. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव लाकडाचं. नुसती छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायची नाही. तारांच्या खाली एक बोटभर लांब पट्टी बसवलेली असते, तिच्यात लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. ती मोठी केली की झाला आवाज. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेली हीच गोष्ट. आमचे विज्ञानाचे सर शेजारच्या वर्गात वेटोळ्यात चुंबक खुपसून काट्याची सुई हलवून दाखवायचे आणि पोरं अशी ओरडायची की माझा कवितेचा तास बुडायचा!

गंमत म्हणजे हे तंत्र बाजारात आलं ते हवाईयन गिटारच्या निमित्ताने. जॉर्ज बोशां नावाच्या माणसाने १९३१ च्या सुमाराला अमेरिकेत रिकनबॅकरबरोबर ते केलं, आणि त्या वाद्याच्या आकारामुळे त्याला 'फ्राइंग पॅन'च म्हणू लागले. माझ्या वयाच्या वाचकांना व्हॅन शिप्ले आठवत असतील. सिनेमाची गाणी गिटारवर वाजवायचे, रेडिओवर लागायची. ती तारेवरून लोखंड सरकवून काढलेली मींड आम्हाला फार आवडायची. तिच्यामागे असलंच एखादं वेटोळं होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

असो. तर भांडण कुठे आहे? वेटोळं बिचारं आंधळं असतं. गिटारच्या तारेची थरथर त्याला जशी कळते, तशीच घरातल्या विजेचीही. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्याची एक सततची गुणगुण गिटारच्या आवाजात मिसळते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन वेटोळी ठेवायची, पण एकाचे वेढे उलटे आणि चुंबकाची टोकंही उलटी. बाहेरची गुणगुण दोघांत एकमेकींच्या विरुद्ध येते आणि वजा होते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होतो आणि बेरीज होते. दोन नकारांचा एक होकार, हे व्याकरणवाल्याला पटकन पटलं! त्याला हंबकर म्हणतात, म्हणजे गुणगुणीला लाथ मारणारा.

पण फुकट काही मिळत नाही. दोन वेटोळ्यांत आवाज जाड, गोल, दमदार होतो आणि वरची धार बोथटते. एकाच वेटोळ्याचा, म्हणजे सिंगल कॉइलचा आवाज काचेसारखा, प्रत्येक बोट वेगळं दाखवणारा. लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी १९५४ साली जी स्ट्रॅटोकास्टर काढली तिच्यात असे तीन पिकअप होते. घोडीजवळचा कडक, मानेजवळचा मऊ, मधला मधला. तंबोऱ्याची तार घोडीपाशी छेडून पाहा आणि मग मध्यावर, म्हणजे हा फरक कळेल. बटणाला जागा तीनच, पण वाजवणाऱ्यांनी ते दोन जागांच्या मध्ये अडकवून दोन पिकअप एकदम चालवले आणि त्या अधांतरी आवाजाच्या प्रेमात पडले. १९७७ मध्ये कंपनीने मुकाट्याने पाच जागांचं बटण दिलं. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत आवडलेला भाग. नकाशात नसलेली वाट चालणाऱ्यांनी पाडली.

आमच्यापुढे पर्याय तीन. तीन सिंगल. दोन हंबकर. किंवा घोडीजवळ हंबकर आणि बाकी दोन सिंगल. माझ्या मुलाचं, म्हणजे तिच्या बाबाचं, फोनवरून ठाम मत, "तिसरी घे, सगळं येतं तिच्यात." बँडमधल्या ड्रमवाल्याचं मत दोन हंबकर, कारण आवाज फोडून वाजवायचा तर गुणगुणही तितकीच फुगते. त्याचं चूक नाही. स्टेजवरच्या दिव्यांखाली तर विचारूच नका. नात माझ्याकडे वळून म्हणाली, "आबा, तुम्ही ऐकून सांगा."

इथे जरा घरचं सांगावं लागतं. माझ्या कानाचा आलेख ३००० हर्ट्झच्या पुढे घाटासारखा उतरतो. आणि सिंगल आणि हंबकर यांतला मुख्य फरक साधारण त्याच घाटात राहतो! दुकानात यंत्र काढून ऐकलं तर दोन्ही गिटारी सख्ख्या बहिणी. लावलं की एकदम एकीला धार आली. नात म्हणाली, "म्हणजे आबा, तुम्ही यंत्र काढलं की तुमचे कान हंबकर होतात." दुकानातला मुलगा हसला, मीही हसलो. नंतर रिक्षात बसल्यावर मात्र मनात आलं, की ही पोरगी मला जे ऐकवू पाहतेय त्यातला बराचसा भाग आता यंत्र आणून देईल तेवढाच.

पण गुणगुणीबद्दल बोलायचा अधिकार माझा आहे. माझ्या जुन्या यंत्राला टेलिफोन ऐकण्यासाठी 'टी' अशी एक खूण आहे. ती लावली की यंत्रातला माइक बंद होतो आणि आत बसवलेलं तांब्याचं वेटोळं सुरू होतं. म्हणजे तोच पिकअप, माझ्या कानात! चोकच्या ट्यूबलाइटखाली टी लावून बसा, अशी गुणगुण येते की विचारता सोय नाही. तिच्या मित्राची मागून आणलेली सिंगल पिकअपची गिटार अँपला जोडल्यावर तोच सूर ऐकला आणि ओळख पटली. दहा वर्षं या गुणगुणीबरोबर काढल्यावर माझा अनुभव असा, की ती छळते कोणी बोलत नसताना. पलीकडून मुलाचा आवाज सुरू झाला की मला ती आठवतही नाही. हे मी तिला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं, पण निर्णय त्यावर घेतला नाही. तिचा विचार माझ्यापेक्षा शहाणा निघाला. बँडमध्ये आधीच एक गिटारवाला आहे आणि त्याच्याकडे दोन हंबकर आहेत. "दोघांचाही आवाज जाड असला तर चिखल होईल आबा. त्याचा खाली आहे, माझा वर हवा." भजनात दोन जाड गळे शेजारी बसवत नाहीत, दुसरं काय! बाबाच्या तिसऱ्या पर्यायावर तिची तक्रार अशी, की सिंगलवरून हंबकरवर गेलं की आवाज एकदम उसळतो, आणि आवाजाची चावी सिंगलला २५० किलोओहमची मानवते, हंबकरला ५०० ची. एकाच गिटारमध्ये कोणाची तरी मर्जी मोडावी लागते. त्यावर उपाय आहेत म्हणे, स्क्रूने पिकअप वरखाली करता येतो वगैरे. पण तिला ते सांभाळत बसायचं नव्हतं.

तीन सिंगल आली. हल्लीच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, तसा हिच्यातही आहे. त्यामुळे बटणाच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर गुणगुण जाते. त्याच त्या अधांतरी जागा! ती बहुतेक वेळ चौथीवर असते.

राहिला प्रश्न पंख्याचा. तिच्या खोलीत फिरवून वेग बदलायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. पंखा पूर्ण वेगात असला तर ठीक, मध्यावर आणला की गिटारमधून भुंग्यासारखी घरघर. एप्रिलमध्ये पुण्यात पंखा बंद करून कोण बसणार? माळ्यावरून जुना डब्याएवढा रेग्युलेटर शोधून काढला. तो तापतो, पण मुका आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, लोक हे काढून ते बसवतात, तुम्ही उलटं करताय." त्याला सगळं समजावून सांगायला चहाचे दोन कप लागले.